जुलैतला भंडारदरा: घरची मंडळी घेऊन दोन दिवस कसे काढावेत

प्रश्न: पुण्याहून आम्ही सात जण (चार मोठे, ७ आणि ११ वर्षांची दोन मुलं आणि ६८ वर्षांच्या सासूबाई) जुलैच्या शेवटच्या शनिवार-रविवारी भंडारदऱ्याला जायचं म्हणतोय. शुक्रवारी रात्री ऑफिस सुटलं की निघू. कळसूबाई, सांदण दरी, रतनगड, रंधा धबधबा आणि घाटघर असं सगळं दोन दिवसांत बसेल का? पहिल्यांदाच जातोय. काय काळजी घ्यावी?

उत्तर:

ताई, सगळं बसणार नाही, आणि यातल्या तीन जागा जुलैत तुमच्या मंडळींना घेऊन करूच नयेत. थोडं परखड लिहिते, राग मानू नका. बावीस वर्षं मी नाशिकहून लोकांना या भागात घेऊन जाते आहे. पावसाळ्यात काही बिनसलं असेल तर ते बहुतेक वेळा अशाच यादीमुळे बिनसलेलं मी पाहिलं आहे. यादी जागांची असते. त्या जागांमधून वाहणारं पाणी कुठून येतं आणि परतीच्या वाटेवर ते कुठे आडवं येईल, हे त्या यादीत नसतं.

माझाच एक अनुभव सांगते, म्हणजे पुढचं सगळं का सांगते आहे ते कळेल. २०१२ चा जुलै होता. अकरा जणांना घेऊन मी बारी गावातून कळसूबाईला निघाले. पायथ्याचा ओढा सकाळी सातला घोट्याएवढा होता, बूट हातात घेऊन हसतखेळत ओलांडला. वर धुकं आणि वारा इतका की दुसऱ्या शिडीवरूनच मी सगळ्यांना मागे फिरवलं. दुपारी दीडला पुन्हा ओढ्याशी आलो, तर सकाळचा ओढा तिथे नव्हताच. चहाच्या रंगाचं पाणी दोन्ही काठ सोडून वाहत होतं आणि मधूनच एखादी हिरवी फांदी पानांसकट उभीच्या उभी निघून जात होती. गटातल्या एकाची रात्रीची गाडी होती. हात धरून साखळी करू आणि जाऊ, असं तो म्हणाला. मी जवळजवळ हो म्हणाले होते. पलीकडच्या काठावर डोक्यावर गोणपाटाची खोळ घेतलेले एक बाबा उभे होते. पाण्याच्या आवाजात बोलणं ऐकू येणं शक्य नव्हतं. त्यांनी नुसता तळहात जमिनीकडे दाबून दाखवला: बसा. आम्ही बसलो. पाच तास. संध्याकाळी साडेसहाला पाणी गुडघ्याखाली आलं, तेव्हा तेच बाबा काठी घेऊन अर्ध्यापर्यंत आले आणि एकेकाला पलीकडे घेतलं. त्या साखळीत आम्ही उतरलो असतो तर मी आज हे लिहीत नसते, असं मला मनापासून वाटतं. खाली गावात त्या वेळी फारसा पाऊसही नव्हता. पडला होता तो वर, आम्हाला धुक्यामुळे न दिसलेल्या उतारांवर.

म्हणून आधी हा मुलूख पाण्याच्या नजरेने बघा. भंडारदरा अकोले तालुक्याच्या पश्चिम टोकाला, अगदी घाटमाथ्याला लागून आहे. कोकणातून येणारे ढग घाटघर-साम्रदच्या कड्यावर चढतात आणि तिथेच रिते होतात. घाटघरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्याच तालुक्याला लागून असलेल्या संगमनेरात पाचशेच्या आत-बाहेर. तुम्ही येताना हा फरक गाडीच्या काचेवर बघाल. संगमनेरला वायपर बंद असतो, अकोल्याला भुरभुर सुरू होते, विठा घाट चढून राजूरला आलात की सर लागते आणि धरणाजवळच्या शेंडी गावात पोहोचेपर्यंत समोरची गाडी दिसेनाशी होते. साठेक किलोमीटरचा हा सगळा खेळ.

यातून एक महत्त्वाची गोष्ट निघते, जी बाहेरून येणाऱ्यांच्या लक्षात येत नाही. हवामान खात्याचा इशारा जिल्हावार असतो. अहिल्यानगर जिल्ह्याचा बहुतेक भाग पर्जन्यछायेत येतो, त्यामुळे जिल्ह्याला हिरवा किंवा पिवळा रंग दिसला म्हणून निश्चिंत होऊ नका. नाशिकचा घाटमाथा आणि पुण्याचा घाटमाथा यांच्यासाठी खातं वेगळा इशारा देतं, तो बघा. भंडारदरा या दोघांच्या मधोमध आहे. दोन्हीकडे नारिंगी असेल तर मी घरची मंडळी घेऊन निघत नाही. लाल असेल तर एकटीही निघत नाही. दुसरी गोष्ट, धरणाच्या पाणलोटात पडलेल्या पावसाचे रोजचे आकडे सकाळी जाहीर होतात: भंडारदरा, घाटघर, रतनवाडी, पांजरे, वाकी. स्थानिक वर्तमानपत्रांत आणि गावातल्या व्हॉट्सॲप गटांवर ते फिरत असतात. मुक्काम ठरवलात की घरमालकाला सांगा, निघायच्या आधीचे तीन-चार दिवस आकडे पाठवत जा म्हणून. आनंदाने पाठवतात.

हे आकडे वाचायचे कसे? चोवीस तासांत ६४.५ मिलिमीटरच्या पुढे गेला की खात्याच्या भाषेत तो जोरदार पाऊस, ११५.६ च्या पुढे अति जोरदार आणि २०४.४ च्या पुढे अत्यंत जोरदार. घाटघर-रतनवाडीला जुलैत शंभरचा आकडा म्हणजे नेहमीचा दिवस, त्याने घाबरायचं कारण नाही. मी बघते ते सलग दिवस. तीन-चार दिवस रोज दीडशे-दोनशे पडला असेल तर जमीन पाणी प्यायची थांबलेली असते. मग पाचव्या दिवशीची साधी सरसुद्धा तशीच्या तशी ओढ्यात येते आणि डोंगर सुटायला लागतात. ३० जुलै २०१४ ला आंबेगाव तालुक्यातलं माळीण दरडीखाली गेलं, १९ जुलै २०२३ च्या रात्री रायगडातली इरशाळवाडी. दोन्ही वेळा आधीचे दिवस धुवाधार पावसाचे होते, आणि दोन्ही तारखा तुम्ही निवडलेल्या पंधरवड्याच्या आसपासच्या आहेत. घाबरवण्यासाठी सांगत नाही. मुक्कामाचं घर निवडताना एवढंच विचारा: घराच्या मागे लगेच उभा उतार आहे का, आणि ओढा किती अंतरावर आहे. फोटोत दाराशीच धबधबा दिसणारं घर मला नको असतं.

आता तुमची यादी.

सांदण दरी पूर्ण काढून टाका. साम्रद गावाशेजारी जमिनीला पडलेली ती दोनेक किलोमीटरची भेग आहे, काही ठिकाणी दोन्ही हात पसरले तर भिंतींना लागतील इतकी अरुंद. आजूबाजूच्या पठारावर पडलेलं पाणी बाहेर पडायला वाट शोधतं ती तिथूनच. वर सर कोसळली की आत पाणी चढायला काही मिनिटं पुरतात आणि बाजूला सरकायला जागाच नसते. पावसाळ्यात तिथे जायला बंदी असते. कोणी वाटाड्या ‘थोडं आत नेतो’ म्हणाला तरी जाऊ नका. डिसेंबरात या, मोठ्या मुलाला तेव्हा जरूर दाखवा.

रतनगडही नको. रतनवाडीतून वर जाताना प्रवरेचाच उगमाकडचा प्रवाह आणि त्याला मिळणारे ओहोळ पुन्हा पुन्हा ओलांडावे लागतात आणि वर शिड्या आहेत. माझा बारीचा अनुभव तिथे एका दिवसात तीनदा येऊ शकतो.

कळसूबाई १६४६ मीटर, महाराष्ट्रातलं सर्वात उंच शिखर, त्यामुळे प्रत्येकाला ते करायचंच असतं. तब्येतीने धडधाकट माणसाला वर जायला तीन-साडेतीन तास लागतात. जुलैच्या शनिवार-रविवारी लोखंडी शिड्यांवर रांग लागते, म्हणजे घामाने आणि पावसाने भिजलेल्या अंगाने, वाऱ्यात, एका जागी अर्धा-पाऊण तास उभं राहायचं. सात वर्षांचं मूल तिथेच गारठतं. ओठ निळसर, बोलणं अडखळत, आणि विचारलं तर ‘मला काही नाही झालं’ म्हणतं. मुलांना थंडी वाजतेय हे कळेपर्यंत उशीर झालेला असतो. वरून दिसतं काय, तर पांढरं धुकं. तुम्ही चौघे मोठे ऑक्टोबरात या, अलंग-मदन-कुलंग किल्ल्यांपासून सगळी रांग समोर दिसेल.

उरले रंधा आणि घाटघर, आणि त्यांच्यात मी भर घालते ती रतनवाडीच्या अमृतेश्वराची आणि जलाशयाभोवतीच्या रस्त्याची. यात तुमचे दोन दिवस भरगच्च होतील, आणि सासूबाईंनाही सगळं बघता येईल.

निघण्याबद्दल. शुक्रवारी रात्री निघू नका, ही माझी सगळ्यात आग्रहाची विनंती. दिवसभर काम करून, रात्री, पावसात, धुक्यात, अनोळखी घाट, आणि पोहोचणार पहाटे दोनला. शनिवारी पहाटे पाचला निघा. नारायणगाव, आळेफाटा, संगमनेर, अकोले, राजूर, शेंडी असा रस्ता धरा, थांबत थांबत पाच-साडेपाच तास. नकाशा तुम्हाला बोट्याहून ब्राह्मणवाडा-कोतूळमार्गे जवळचा रस्ता सुचवेल. उन्हाळ्यात तो सुंदर आहे, पण मुळा नदीला पाणी आलं की भरवशाचा राहत नाही. मुंबईची तुमची कोणी मंडळी येणार असतील तर त्यांनी कसारा घाट चढून इगतपुरी-घोटीवरून यावं. पेट्रोल, रोख पैसे, औषधं हे सगळं राजूरलाच उरका. पुढे रेंज जाते-येते आणि रेंज गेली की मोबाइलने पैसे देणंही थांबतं.

गाडीबद्दल तीनच गोष्टी. धुक्यात दिवे खालच्या झोतावर ठेवा, वरचा झोत धुक्याची भिंत उजळवतो आणि रस्ता आणखीच दिसेनासा होतो. चालत्या गाडीत चारही इंडिकेटर लावू नका, मागच्याला तुम्ही थांबलात की वळताय ते कळत नाही. आणि फरशी पूल. या भागात ओढ्यांवर अजून बुटके फरशी पूल आहेत. फरशीवरून पाणी वाहत असेल आणि खालचा रस्ता दिसत नसेल तर थांबायचं, कितीही घाई असली तरी. फूटभर वाहतं पाणी लहान गाडी उचलायला पुरतं. पुढची जीप गेली म्हणून आपण जायचं नाही. तिचं वजन वेगळं, आणि ती गेल्यानंतरच्या दोन मिनिटांत फरशीचा कडेचा दगड निघालेला असू शकतो.

शनिवारी दहा-साडेदहाला शेंडीत पोहोचलात की खोलीवर सामान टाका, मुलांना गरम काहीतरी खायला घाला आणि लगेच बाहेर पडा. दुपारी बारानंतर शेंडीच्या चौकात मुंबई, पुणे आणि नाशिक एकत्र येतात. खूप गर्दीच्या दिवशी पोलीस जलाशयाभोवती एकेरी वाहतूक करतात, तेव्हा ते सांगतील त्या दिशेने फिरा. एरवी माझा क्रम असा: शेंडी, मुतखेल, कोलटेंभे, रतनवाडी, मग साम्रदवरून घाटघर, आणि परत येताना उडदावणे, पांजरे, मुरशेत. ही फेरी चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरची आहे, तिला पाच तास द्या. वाटेत वन खात्याच्या नाक्यावर प्रवेश शुल्काची पावती घ्या, कारण हा सगळा भाग १९८६ साली जाहीर झालेल्या कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो.

कोलटेंभ्याच्या आसपास डाव्या हाताच्या कड्यांवरून इतके धबधबे उतरतात की मुलं मोजायची थांबतात. इथे लोक गाडी मध्येच सोडून पाण्याखाली उभे राहतात. मला ते बघवत नाही. कड्यावरून येणाऱ्या धारेबरोबर दगड येतात. मुठीएवढा दगड दोनशे फुटांवरून आला तर काय होतं ते मी एकदा पाहिलं आहे, पुन्हा पाहायचं नाही. भिजायचंच असेल तर उथळ, पसरट, वरपर्यंत उगम दिसणारा ओहोळ निवडा. पाय ठेवायच्या आधी पाण्याच्या वरच्या बाजूला एक मोठा माणूस फक्त बघत बसवा. त्याने चार गोष्टींवर लक्ष ठेवायचं: पाण्याचा रंग निवळवरून गढूळ झाला, पानं-काटक्या यायला लागल्या, आवाज जड झाला, किंवा पाणी एकाएकी कमी झालं. कमी झालं तर जास्त घाबरायचं, कारण वर कुठेतरी काहीतरी अडकलेलं असतं आणि ते सुटणार असतं. यातलं एक जरी झालं तर चपला, फोन, सगळं तिथेच टाकून वर चढायचं. ३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण गेले. ते सगळे एकमेकांना धरून प्रवाहाच्या मधोमध उभे होते आणि पाणी त्यांच्याभोवती वाढत गेलं. अशा घटनांनंतर जिल्हाधिकारी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली मनाईचे आदेश काढतात. लोकांना तो जाच वाटतो. मला तो उपकार वाटतो.

रतनवाडीला घाई करू नका. अमृतेश्वराचं देऊळ शिलाहारांच्या काळातलं मानलं जातं, हेमाडपंती बांधणीचं, चुन्याशिवाय दगडावर दगड बसवलेलं. पावसाळ्यात ते काळंभोर होतं आणि कोरीव कामाच्या खोबणीत शेवाळ धरतं, त्यामुळे एरवी न दिसणारी प्रत्येक रेघ हिरवी उठून दिसते. सासूबाईंना शिखराच्या खालच्या छोट्या छोट्या शिखरांच्या ओळी दाखवा, एकावर एक चढत गेलेल्या. शेजारची पुष्करणी जरूर बघा, पण काठावरून. तिच्या पायऱ्या तेल ओतल्यासारख्या निसरड्या असतात. आत गाभाऱ्यात पाणी साठलेलं असेल, मुलांना ते फार आवडतं.

आणि वाटेत आवणी बघायला मिळेल. भातलावणीला इकडे आवणी म्हणतात आणि जुलैचा शेवट म्हणजे तिची घाईची वेळ. दोन्ही बाजूंच्या खाचरांत बायका कमरेत वाकून ओळीने मागे मागे सरकत असतात, पाठीवर इरलं किंवा प्लास्टिकची खोळ, डाव्या हातात रोपांची जुडी, आणि उजवा हात चार-चार काड्या चिखलात इतक्या भरभर खोचत जातो की नजर ठरत नाही. हे सगळे महादेव कोळी आणि ठाकर कुटुंबांचे तुकडे आहेत, वर्षाचं खाणं त्या चिखलात रोवलेलं असतं. काळभात, रायभोग, आंबेमोहर असे जुने वाण इथे अजून आहेत. याच तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी असे वाण जपले म्हणून त्यांना पद्मश्री मिळाली. गाडी थांबवून बघायला काहीच हरकत नाही. पण बांधावर पाय ठेवू नका, ओला बांध माणसाच्या वजनाने ढासळतो आणि खाचरातलं पाणी निघून जातं. फोटो विचारून काढा. एकदा एका ताईंनी माझ्या गटातल्या मुलीला सरळ खाचरात बोलावलं आणि लावायला शिकवलं. ती मुलगी आज कृषी पदवीचं शिक्षण घेते आहे.

घाटघरला कोकणकड्यावर जाल तेव्हा धुकं असेल हे गृहीत धरा. ते दहा मिनिटांत उघडतं आणि दोन मिनिटांत मिटतं. त्या दोन मिनिटांत खालचं कोकण हिरवंगार दिसतं आणि वाऱ्याने उलटं वर येणारं पाणी तोंडावर बसतं. इथे कठड्याच्या अलीकडे राहायचं, मुलाचा हात नव्हे, मनगट धरायचं, कारण ओला हात निसटतो. छत्री गाडीत ठेवा, वारा तिच्यासकट माणसाला ओढतो. शेजारीच घाटघरचा २५० मेगावॉटचा उदंचन जलविद्युत प्रकल्प आहे. विजेची मागणी वाढली की वरचं पाणी खाली कोकणात सोडतात, मागणी उतरली की तेच पुन्हा वर उचलतात. मोठ्या मुलाला हे नक्की सांगा. मी सांगितलं की मुलं धुक्यातसुद्धा ते पाणी शोधायला लागतात.

चार-साडेचारला परतीच्या रस्त्याला लागा. पांजरे-मुरशेतच्या बाजूला अंधार लवकर पडतो, आणि धुकं व अंधार एकत्र आले की गाडी चालवणाऱ्याचे डोळे थकतात. काजव्यांबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण कोणीतरी सांगेलच. ते मेच्या अखेरीस, पाऊस सुरू व्हायच्या तोंडावर असतात. जुलैत त्यांच्यासाठी रात्री जंगलात हिंडू नका.

रविवारी सकाळी लवकर धरण आणि रंधा. विल्सन धरणाचं, म्हणजेच भंडारदरा धरणाचं, काम १९१० ला सुरू झालं आणि १९२६ ला पुरं झालं, अकरा टीएमसी पाण्याचं, दगडी बांधणीचं. पंधरा ऑगस्टच्या आसपास ते भरतं असा इकडचा ठोकताळा आहे, तेव्हा जुलैअखेर ते काठोकाठ नसेल. प्रसिद्ध अंब्रेला धबधबा हा धरणातून सोडलेल्या पाण्यावर चालतो, पाणी सोडलं नसेल तर तिथे कोरडा काळा खडक दिसेल. त्यासाठी वेळ राखून ठेवू नका. रंध्याचं तसं नाही. धरण बंद असलं तरी कळसूबाईच्या पायथ्याकडून येणारी कृष्णावंती भरून वाहत असते, आणि वाकीचा तलाव भरून सांडव्यावरून वाहू लागला की तिचा जोर आणखी वाढतो. रंध्याला आवाज आधी येतो, मग छातीत थरथर जाणवते, आणि मग पाणी दिसतं. कठड्याबाहेर एक पाऊलही टाकायचं नाही. खालच्या बाजूच्या नदीपात्रात तर उतरायचंच नाही, वरून पाणी सोडल्याचा भोंगा प्रवाहाच्या आवाजात ऐकू येईलच असं नाही.

आता बॅगेबद्दल. जीन्स नको. एकदा भिजली की दोन दिवस वाळत नाही आणि अंगातली ऊब ओढून घेते. मुलांना साधी नायलॉन-पॉलिस्टरची पँट आणि टी-शर्ट, वरून पूर्ण बाह्यांचा रेनकोट. प्रत्येकाचा एक कोरडा जोड, आतल्या कपड्यांसकट, दुहेरी प्लास्टिकच्या पिशवीत बांधून गाडीत ठेवा. त्या जोडाला फिरताना हात लावायचा नाही, तो खोलीवर आल्यावरच. बूट आत्ताच बाहेर काढा आणि तळ वाकवून बघा. वर्षभर कपाटात पडलेल्या बुटाचा तळ पहिल्या पावसात सुटून येतो. दर वर्षी माझ्या गटात एकाचा तरी सुटतो, आणि मग दोरीने बांधून त्याला उतरवावं लागतं. सासूबाईंसाठी रबरी टोक असलेली काठी आणा. त्यांच्या रोजच्या गोळ्या दोन ठिकाणी वाटून ठेवा, एक डबी पाण्यात गेली तरी दुसरी राहील. पावसात तहान लागत नाही म्हणून लोक पाणी पीत नाहीत आणि संध्याकाळी डोकं धरून बसतात. तासाभराने दोन घोट, मुलांनाही, आठवणीने. ओढ्याचं पाणी पिऊ नका. दिसायला काचेसारखं असलं तरी वरच्या बाजूला गुरं असतात. रात्री खोलीवर बूट घालायच्या आधी आपटून झाडा, आणि झुडपात हात घालताना बघा. हिरवा चापडा हा विषारी साप पानांत पानासारखाच बसलेला असतो. साप चावला तर बांधणं-कापणं काही न करता त्या अवयवाची हालचाल थांबवून सरळ दवाखाना. १०८ रुग्णवाहिकेचा आणि ११२ मदतीचा नंबर मोठ्या मुलालाही पाठ करून द्या. रेंज नसेल तिथे गावातल्या पहिल्या घराचं दार वाजवा. या भागात कोणी परत पाठवत नाही.

जेवण घरगुती मुक्कामातच घ्या. नागलीची किंवा तांदळाची भाकरी, पिठलं, ठेचा, आणि या दिवसांत रानभाज्या: कुर्डू, फोडशी, टाकळा, चाईचा मोहर. जेवायला काय हवं ते सकाळीच सांगून ठेवा, म्हणजे त्या माउलीला रानात जाऊन खुडायला वेळ मिळतो. मांसाहारी असाल तर खेकड्याचा रस्सा मागा, पण मुलांसाठी वेगळा कमी तिखट करायला सांगा.

तारीख हलवता येत असेल तर ऑगस्टची अखेर किंवा सप्टेंबरचा दुसरा आठवडा घ्या. पाऊस तेव्हाही असतो, पण मधे उघडीप मिळते, धरण भरलेलं असतं, आणि पठारावर पिवळी सोनकी आणि जांभळा तेरडा फुलायला लागतो. त्या दिवसांत सासूबाईंना बाहेर खुर्ची टाकून बसता येईल, जुलैत ते जमत नाही. तारीख हलत नसेल तर खोली अशी घ्या जी शेवटच्या दिवसापर्यंत रद्द करता येते, आणि तसं आधीच फोनवर बोलून ठेवा. पैसे अडकलेले असले की माणूस लाल इशाऱ्यातही निघतो.

रविवारी अकराच्या आत शेंडी सोडा. राजूरला उतरून पेढे घ्या, ते तुम्हाला पुण्यात मिळणार नाहीत. दुपारचं जेवण संगमनेरला करा आणि आळेफाटा चारच्या आधी ओलांडा, नंतर चाकणपर्यंत रांग लागते. आणि निघायच्या आदल्या गुरुवारी घाटघर-रतनवाडीचे तीन दिवसांचे आकडे मला इथेच लिहून पाठवा. जावं की थांबावं, ते मी त्याच रात्री सांगते.